दोन बोटं

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली तीस वर्षं मोटरसायकलच्या क्लचवर आहेत. रस्ता सरळ असो, समोर चिटपाखरू नसो, बोटं तिथंच. धड दाबलेली नाहीत, धड सोडलेलीही नाहीत. कुणी विचारलंच असतं तर ही माझी सावधगिरी आहे असं मी सांगितलं असतं, आणि जरा ऐटीतच. ती भीती होती, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. कळलं तेही एका गॅरेजात, ऑइलच्या उपड्या डब्यावर बसून.

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे येणार आहे ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत नुसतं गमतीचं ठरलं असतं. माझ्या बाबतीत ते लाजिरवाणं आहे. घर्षण हा माझा हातखंडा धडा. त्यात मी क्लचचं उदाहरण देतो. यंत्राचे नियम ठाऊक असले की यंत्र ठाऊक असतं, अशी माझी पक्की समजूत होती. हात काळे करणाऱ्यांना ‘कसं’ कळतं आणि आपल्याला ‘का’ कळतं, अशी एक उतरंड मी मनात मांडून ठेवली होती. वरच्या मडक्यावर अर्थातच मी.

भीतीचं मूळ मात्र फार मागं आहे. आमच्या घरी चेतक स्कूटर आली ती कित्येक वर्षं नंबर लावून. मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. शाळेच्या मैदानावर अण्णा, म्हणजे माझे वडील, मला शिकवायला घेऊन गेले. चेतकचं सगळं डाव्या मुठीत: क्लच दाबायचा आणि अख्खी मूठ फिरवून गिअर टाकायचा. मी पहिला टाकला आणि क्लच एकदम सोडून दिला. गाडी पुढचं चाक उचलून उधळली. मागून अण्णा धावत ओरडत होते, “क्लच दाब! अरे क्लच!” जीव मुठीत धरून मी तो दाबला आणि गाडी गाईसारखी शांत झाली. त्या दिवशी माझ्या डोक्यात जे समीकरण बसलं ते पुढं कुठल्याही परीक्षेत कुणी तपासलं नाही: क्लच दाबला की वाचलो, सोडला की मेलो.

मग मोटरसायकल आली आणि सवयी वाढत गेल्या. सिग्नलला गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून उभा. चढावर थांबायची वेळ आली की ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची. ते मला कौशल्य वाटायचं. उतारावर वळण दिसलं की आधी क्लच दाबायचा. म्हणजे चाकांना मागं ओढून धरणारं इंजिनच मी नेमक्या गरजेच्या वेळी सोडवून टाकत होतो, आणि हा माणूस वर्गात मुलांना बलं शिकवत होता! वायरीत जरासुद्धा ढील मला खपत नसे. क्लच ‘लगेच लागायला’ हवा म्हणून मी ती स्वतः पाना घेऊन ताणून ठेवायचो. माझ्या हातून होणारं गाडीचं तेवढंच एक काम, आणि तेही उलटं.

एकाच गाडीच्या क्लच प्लेटा नऊ-दहा वर्षांत तीनदा बदलाव्या लागल्या. प्रत्येक वेळी मी गाडी तीच ठेवली आणि गॅरेज बदललं. स्टाफरूममध्ये या विषयावर आमचं एकमत होतं: गॅरेजवाले जुनाच माल धुऊनपुसून घालतात, आपल्याला आतलं काही कळत नाही याचा फायदा घेतात. हे बोलताना ‘आपल्याला आतलं काही कळत नाही’ हे वाक्य मी स्वतःच उच्चारत होतो. ते मला कधी ऐकू आलं नाही.

शेवटी सप्टेंबरातल्या एका रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाडीनं मान टाकली. कासची फुलं बघायला निघालेल्या मोटारींची रांग, चढ, मागं बायको. दुसऱ्या गिअरवर जोर पडला की खट्ट आवाज होऊन गिअर सुटायचा आणि इंजिन नुसतंच किंचाळायचं. पुन्हा टाकावा तर आवाज वाढे, वेग वाढत नसे. बायको म्हणाली, “काहीतरी जळतंय हो.” मी म्हणालो, “पुढच्या गाडीचं असेल.”

एका सहकाऱ्यानं एक गॅरेज सुचवलं. मिस्त्री चाळिशीचे, दहावीनंतर आयटीआय केलेले. त्यांनी आधी पाना हातात घेतलाच नाही. गाडीवर एक चक्कर मारून आले, स्टँडवर लावली आणि विचारलं, “सर, क्लचवर बोटं ठेवून चालवता का?”

“नाही,” मी म्हणालो.

सरळ खोटं बोललो. विद्यार्थी गृहपाठाबद्दल बोलतात त्या सहजतेनं. ते काही बोलले नाहीत, फक्त क्लचच्या दांड्याकडे बघितलं. मीही बघितलं. दांड्यावरचा काळा रंग दोन ठिकाणी घासून गेला होता आणि आतलं ॲल्युमिनियम चमकत होतं. बरोबर दोन बोटांच्या रुंदीचे दोन पट्टे.

“प्लेटा तर गेल्याच. पण दुसरा सुटतोय म्हणजे गिअरबॉक्स उघडायला लागंल. इंजिन खाली घ्यायचं,” ते म्हणाले. खर्चाचा आकडा ऐकून माझ्यातली स्टाफरूम जागी झाली. “उघडाल तेव्हा मी समोर बसेन,” मी म्हणालो. त्यातला वास त्यांना आला नसेल असं नाही. पण ते म्हणाले, “या की. रविवारी निवांत उघडू. बघणारं कुणी असलं की मलाबी बरं वाटतं.”

मी पहारा द्यायला गेलो होतो.

आधी उजव्या बाजूचं झाकण निघालं. ऑइल ट्रेमध्ये पडलं. काळं, आणि घाटातला तोच वास घेऊन. म्हणजे पुढच्या गाडीचा नव्हताच तो. चार स्प्रिंगांचे बोल्ट सुटले, प्रेशर प्लेट बाजूला झाली आणि क्लचच्या प्लेटा एकेक करून माझ्यासमोर वर्तमानपत्रावर मांडल्या गेल्या. अस्तर लावलेली एक, नुसत्या पोलादाची एक, पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादाची. अस्तराच्या पाच, पोलादाच्या चार. अस्तराच्या प्लेटांना बाहेरून कान होते; ते इंजिनाबरोबर फिरणाऱ्या डब्यात अडकतात. पोलादाच्या प्लेटांना आतून दाते. ते गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या हबवर बसतात. दोघींना जोडणारं मध्ये काहीही नाही, फक्त स्प्रिंगांचा दाब. दाब आहे तोवर सगळा गठ्ठा एकजीव फिरतो. दांडा दाबला की प्रेशर प्लेट केसभर उचलली जाते आणि दोन घरं वेगळी होतात.

मला वाटलं, हे तर मला माहीत आहे. मग वाटलं, माहीत असतं तर हा प्रश्न मला आधीच पडला असता: इतक्या प्लेटा कशाला? घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे मी दरवर्षी मुलांकडून घोकून घेतो. मग एकच मोठी प्लेट का नाही? मी त्या गठ्ठ्याकडे बघत राहिलो आणि उत्तर हळूहळू वर आलं. स्प्रिंगांचा दाब प्लेटांमध्ये वाटला जात नाही. तो पहिल्या प्लेटमधून शेवटच्या प्लेटपर्यंत जसाच्या तसा पोचतो. पाच प्लेटांच्या दहा बाजू, आणि प्रत्येक बाजूवर तोच पूर्ण दाब. एकदा दिलेला दाब दहादा वापरायचा, म्हणून माणसाच्या बोटांना झेपतील एवढ्या स्प्रिंगा एवढं इंजिन धरून ठेवू शकतात. नियम माझा होता. तो दहा वेळा एकावर एक रचता येतो हे मात्र मी कधी बघितलं नव्हतं, कारण मी कधी बघितलंच नव्हतं.

पोलादाच्या प्लेटा निळ्या-जांभळ्या पडल्या होत्या. मिस्त्रींनी एक उन्हात धरली. “हे बघा, भाजल्यात. घसरू द्यायला हरकत नाही सर, गाडी उठताना घसरायलाच पायजे. घसरत ठेवली की मग भाजते.”

क्लचचं अख्खं काम या वाक्यात आहे. इंजिन शून्यातून जोर लावू शकत नाही. मिनिटाला हजार-चौदाशे फेऱ्यांच्या खाली आलं की गुदमरून बंद पडतं. चाक मात्र शून्यावर उभं. फिरणारं आणि उभं यांची गाठ घालायची तर मध्ये थोडा वेळ कुणीतरी घसरलं पाहिजे, तापलं पाहिजे. तेवढे एक-दोन सेकंद अर्धा क्लच हाच योग्य क्लच. तिथून पुढं मात्र तो पूर्ण सोडायचा असतो. मी त्या दोन सेकंदांत तीस वर्षं राहिलो होतो. बोटांच्या नुसत्या वजनानं, ताणलेल्या वायरीनं, प्लेटांना मी कधी पूर्ण मिळूच दिलं नाही. दांड्याच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढील ठेवावी असं गाडीबरोबरच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. पुस्तिका कपाटात होती, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेली.

दुपारी इंजिन टेबलावर आलं. बोल्ट निघाले, लाकडी हातोडीचे हलके ठोके पडले, आणि इंजिनाचं कवच शिंपल्यासारखं दोन भागांत उघडलं. आत एकाशेजारी एक दोन दांडे, आणि त्यांवर ओळीनं बसवलेली दातेरी चाकं.

मिस्त्री फडक्यानं हात पुसत होते. मी वाकून बघितलं आणि क्षणभर मला वाटलं, काहीतरी चुकलंय. सगळी चाकं एकमेकांत अडकलेली होती. पाचही जोड्या. पहिल्याची, दुसऱ्याची, पाचव्याची, सगळ्यांचे दाते सगळ्यांच्या दात्यांत.

“मिस्त्री, आत्ता हा कितव्या गिअरमध्ये आहे?”

“न्यूट्रलमध्ये.”

मी गप्प झालो. गेली वीसेक वर्षं मी वर्गात खडूनं दोन चाकं काढतो, एक लहान, एक मोठं, मध्ये फट ठेवतो आणि सांगतो: गिअर टाकला की हे चाक सरकतं आणि याचे दाते त्याच्या दात्यांत शिरतात, तो ‘खट्’ आवाज दात्यांचा. ती फट या टेबलावर कुठंच नव्हती. माझ्या फळ्यावरचं ते गिअरचं चित्र खोटं होतं. सुरुवातीच्या मोटारींमध्ये खरंच तसं होतं, दाते सरकून दात्यांत शिरायचे आणि कर्कश ओरडायचे. माझी चूक शंभर वर्षं जुनी होती. अण्णांच्या चेतकमध्येसुद्धा चाकं कायम जुळलेलीच असायची आणि आत फुलीच्या आकाराचा एक तुकडा सरकून हवं ते चाक पकडायचा. म्हणजे ज्या गाडीवर मी शिकलो तिच्याबद्दलही मी चुकीचं शिकवत होतो.

“मग गिअर बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?” हा प्रश्न मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर विचारला.

त्यांनी सांगितलं नाही, हातात दिलं. प्रत्येक जोडीतलं एक चाक दांड्याला बांधलेलं, दुसरं दांड्यावर मोकळं गरगरणारं. दाते जुळलेले असले तरी मोकळं चाक जोर पुढं देत नाही. ते आपलं आपलं फिरतं. शेजारच्या चाकाच्या अंगावर जाड ठोकळे असतात, त्यांना डॉग म्हणतात. ते चाक खाचांवरून बाजूला सरकतं, त्याचे ठोकळे मोकळ्या चाकाच्या खिडक्यांत शिरतात आणि ते मोकळं चाक दांड्याला बांधलं जातं. गिअर टाकणं म्हणजे एवढंच: आधीपासून फिरणाऱ्या पाच जोड्यांपैकी एकीला बांधून घेणं. चाकाला सरकवणारा फोर्क, फोर्कला सरकवणारा वळणावळणाच्या चऱ्यांचा ड्रम, आणि ड्रमला एका वेळी एकच पाऊल फिरवणारा आपला पाय. म्हणून मोटरसायकलवर पाचव्यातून थेट दुसऱ्यात उडी मारता येत नाही. पहिल्यात चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या साधारण २५ ते ३० फेऱ्या, पाचव्यात दहाच्या आसपास. मधली एकही पायरी चुकवायची सोय नाही.

मग त्यांनी दुसऱ्याचे ठोकळे माझ्या अंगठ्याखाली धरले. कोपरे गुळगुळीत, चोखलेल्या लिमलेटसारखे. नव्या चाकाचे कोपरे दाखवले. धारदार, आणि किंचित आतल्या बाजूला तिरके कापलेले. त्या तिरकेपणाचा अर्थ मला लगेच कळला, निदान उतरण तरी मी खरी शिकवतो. आत कललेल्या कडांवर जितका जोर पडेल तितके ते ठोकळे एकमेकांना आत ओढतात. कोपरा गोल झाला की तोच जोर त्यांना बाहेर ढकलतो. म्हणून चढावर दुसरा सुटत होता.

“जोरात लाथ मारून झिजले असतील,” मी म्हणालो.

“लाथंनं हा वाकतो,” त्यांनी फोर्क दाखवला. तोही किंचित वाकला होता. “कोपरं झिजतात भीत भीत टाकलेल्या गिअरनं. अर्धा पडला की सगळा भार टोकावर येतो. टाकायचा तर पुरा टाकायचा. थांबल्यावर पडत नसला तर ठोकळ्यापुढं ठोकळा आलेला असतो, खिडकी समोर नसते. तवा लाथ मारू नये. क्लच जरासा सोडायचा, चाक इवलंसं फिरतं, मग आपोआप पडतो.”

क्लच जरासा सोडायचा. माझ्या भीतीनं मला नेमकं उलटं शिकवलं होतं: अडलं की आणखी घट्ट दाब आणि वरून लाथ मार.

मी डब्यावर बसून राहिलो, आणि मला एक मुलगा आठवला. नाव आठवत नाही. तेही माझंच अपयश. मागच्या बाकावरचा, बहुधा घरी ट्रॅक्टर असणारा. मी फळ्यावर ती फट काढून दाते शिरवत असताना त्यानं विचारलं होतं, “सर, पण दोन्ही चाकं फिरत असताना दाते घुसले तर तुटत का नाहीत?” मी म्हणालो होतो, “क्लच असतो ना मध्ये. बस खाली.” वर्ग हसला होता. मीही हसलो असेन. त्याचा प्रश्न बरोबर होता. दाते तुटू नयेत म्हणूनच ते आधीपासून जुळवून ठेवतात आणि तडाखा सोसायला वेगळे जाड ठोकळे देतात. या टेबलावर जे उघडं पडलं होतं ते त्या मुलाला नुसत्या विचारानं दिसू लागलं होतं, आणि मी त्याला खाली बसवलं होतं. मला माहीत नव्हतं, हा दोष लहान. माहीत नसल्याचं लपवायला मी शिक्षकाचा आवाज वापरला, हा मोठा.

संध्याकाळी मिस्त्रींनी जुन्या प्लेटा, झिजलेलं चाक आणि वाकलेला फोर्क एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला. “घेऊन जा. मागनं शंका नको.” त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. पहारा द्यायला आलोय हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माफी मागावी असं मनात आलं. मी बिल किती झालं ते विचारलं.

पिशवी मी वर्गात नेली. फळ्यावर जुनं चित्र काढलं, त्यावर फुली मारली आणि सांगितलं की हे मी वीसेक वर्षं चुकीचं शिकवत आलो. आता वर्ग सुन्न होईल अशी माझी कल्पना. तसं काही झालं नाही. फोर्क बाकांवरून फिरला, दोघांनी हात काळे करून घेतले, एका मुलीनं विचारलं, “सर, हे परीक्षेला आहे का?” नाही म्हणालो. मग तासभर त्यांनी मला जे प्रश्न विचारले त्यातल्या तीन प्रश्नांना मी “मला माहीत नाही, बघून सांगतो” असं उत्तर दिलं. पहिल्यांदा जीभ अडखळली. तिसऱ्यांदा सोपं गेलं.

अण्णांना मी दोष देत नाही. उधळलेल्या चेतकवरच्या पोराला त्या क्षणी ओरडून सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. त्यांची हाक त्या मैदानापुरती, त्या क्षणापुरती होती. तिला जन्मभराचा नियम मी केला.

परवा पुन्हा यवतेश्वरला गेलो, एकटाच. नव्या प्लेटा, वायरीला नीट ढील. चढावर थांबलो तेव्हा ब्रेकवर थांबलो. उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला गाडी धरू दिली. ते गुरगुरत, ओढत, न घाबरता धरत होतं. मी डाव्या हाताची दोन्ही बोटं उचलून मुठीवर नेऊन ठेवली आणि मनाशी म्हणालो, जमलं.

दोन वळणांनंतर खाली बघितलं. बोटं पुन्हा क्लचवर होती. मी ती परत उचलली.